फायलीतला सात चक्रांचा कागद

माझ्या धाकट्या भावाच्या दवाखान्याच्या फायलीत एक कागद आहे. त्याच्या अलीकडे रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट आहे, पलीकडे डॉक्टरांची चिठ्ठी. मधल्या या कागदावर माणसाची पाठमोरी आकृती छापलेली आहे. कण्यावर सात रंगीत वर्तुळं आहेत आणि प्रत्येक वर्तुळासमोर पेनाने आकडा लिहिला आहे. मूलाधार चाळीस टक्के. विशुद्ध वीस टक्के. अनाहत दहा टक्के. वर हॉस्पिटलचं नाव, खाली सही आणि शिक्का. हे टक्के कशाने मोजले, असं मी नंतर विचारलं. तेव्हा कळलं, की दोऱ्याला बांधलेला एक खडा त्याच्या अंगावर जागोजागी धरला होता आणि तो किती हलतो ते पाहिलं होतं.

मी चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे. ऊर्जा हा शब्द मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिते. ऊर्जा मोजता येते, तिला एकक असतं, ती कुठून आली आणि कुठे गेली याचा हिशेब लागावा लागतो, असं पोरांच्या डोक्यात बसेपर्यंत घोकून घेते. तोच शब्द एका मनोरुग्णाच्या फायलीत असा वापरलेला पाहून मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आम्ही नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे, लग्नानंतर मी नगरजवळ केडगावला आले. तो बावीस वर्षांचा असताना, कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला, पहिल्यांदा आजारी पडला. आठ दिवस झोपला नाही. अखंड बोलत राहिला. गावातल्या प्रत्येक घरासमोर एक आंब्याचं झाड लावायचं आणि सगळ्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जोडायची, अशी त्याची योजना होती. मग एके दिवशी तो गप्प झाला आणि दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आई त्याला देवऋष्याकडे घेऊन गेली. लिंबं झाली, अंगारा झाला, अमावास्या झाल्या. त्यात एक वर्ष गेलं.

त्या वर्षाबद्दल मी आईवर कधी रागावले नाही. तिला दुसरं काही माहीत नव्हतं. देवऋषी स्वतःच्या ओट्यावर बसायचा, त्याला भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक असायचं. त्याने गळ्यात कधी स्टेथोस्कोप अडकवला नव्हता.

शेवटी मीच भावाला नगरला आणलं. तिथले मनोविकारतज्ज्ञ वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली, आणि दोन्हीकडे माणसाला धोका असतो, एवढं समजावलं आणि लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि गोळी चुकवायची नाही. या तीन गोष्टींवर माझ्या भावाने अकरा वर्षं काढली. नुसती काढली नाहीत, उभी केली. बेलापूरच्या बाहेर रोपवाटिका टाकली. लग्न झालं, मुलगी झाली. सीताफळाची आणि मोसंबीची त्याची कलमं घ्यायला राहुरी, नेवाशाहून लोक यायला लागले.

एकच गोष्ट त्याला आतून खात होती. त्याचा हात कापायचा. लिथियमने काहींचा कापतो, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला ते चाललं असतं. पण कलम बांधणाऱ्याचं सगळं काम बोटांच्या टोकावर असतं. खुंटाच्या सालीला चाकूने बारीक चीर द्यायची आणि त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, असा बसवायचा, की दोन्हींना इजा होणार नाही. तो उत्तम डोळे भरायचा. गोळ्या सुरू झाल्यावर ते काम त्याने हळूहळू गड्यांवर सोपवलं आणि स्वतः गिऱ्हाईक, खतं, पाणी बघायला लागला. गिऱ्हाइकाला चहा द्यायची वेळ आली की कप तो बायकोच्या हातात द्यायचा. मी हे पाहिलं होतं. पण भाऊ बरा आहे, संसार नीट चालला आहे, एवढ्यावर मी खूश होते. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, गोळी घेतलीस का. तो घेतली म्हणाला की माझं समाधान व्हायचं.

मग जुन्या डॉक्टरांनी वयामुळे काम थांबवलं आणि त्यांचे पेशंट शहरातल्या एका नव्या हॉस्पिटलकडे गेले. तिथले डॉक्टर तरुण, हुशार. ओपीडीला मात्र ही गर्दी. भाऊ बेलापूरहून सकाळी निघायचा, तीन तास बसायचा आणि पाच मिनिटांत बाहेर यायचा. त्याने नव्या डॉक्टरांना हाताबद्दल सांगितलं होतं. डॉक्टर रिपोर्ट बघता बघता म्हणाले, की हे चालायचंच, आजार आटोक्यात आहे ना, मग झालं.

त्याच मजल्यावर, मनोविकार विभागाच्या शेजारी, एक खोली होती. दारावर पाटी होती: मन-ऊर्जा व चक्र उपचार कक्ष. बाहेरच्या काउंटरवरच्या मुलीने भावाला तिकडे पाठवलं. सगळ्यांनाच पाठवतात, डॉक्टरांच्या उपचारांना पूरक आहे, असं तिने सांगितलं. चिठ्ठीच्या मागे तसा शिक्काही मारून दिला.

खोलीत मंद दिवा, वाळ्याचा वास आणि पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी त्याला गादीवर झोपवलं, अंगाला न लावता हात डोक्यापासून पायापर्यंत फिरवले, खडा धरला आणि कागद भरला. मग त्याला बोलतं केलं. तासभर तो बोलला. वडील किती तापट होते, आजारपणात कॉलेजची पोरं काय चिडवायची, हात कसा कापतो, गिऱ्हाइकासमोर कशी लाज वाटते, सगळं. त्यांनी निदान केलं की वडिलांच्या धाकाने त्याचं कंठातलं चक्र लहानपणीच बंद झालं आहे आणि तुंबलेली ऊर्जा हातातून बाहेर पडायला बघते आहे, म्हणून कंप.

हे ऐकताना त्याला रडू आलं होतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. येणारच. कोणाचे वडील तापट नव्हते?

तो दर पंधरवड्याला जायला लागला. तिसऱ्या की चौथ्या वेळेला त्याने गोळ्यांचा विषय काढला. त्यावर बाई जे म्हणाल्या ते त्याने मला शब्दशः सांगितलं आहे, कारण त्याच्या डोक्यात ते कोरलं गेलं होतं. त्या म्हणाल्या, "औषध बंद करा असं मी कधीच सांगत नाही. पण रासायनिक औषधाची ऊर्जा जड असते. तुमची चक्रं मोकळी झाली की शरीरच तुम्हाला सांगेल, आता याची गरज नाही म्हणून."

या वाक्यावर मी अनेकदा विचार केला आहे. इतकं बेमालूम वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. त्यात सांगितलं सगळं आहे आणि धरायला गेलं तर हाती काही लागत नाही. ज्या आजारात माणसाचं शरीर आणि मनच त्याला खोटं सांगतं, त्या आजाराच्या माणसाला सांगायचं की तुझं शरीर सांगेल.

शरीराने सांगितलं. त्याने आधी गोळी अर्धी केली, मग सोडून दिली.

भावजयीला हे माहीत होतं. तिने मला कळवलं नाही म्हणून मी तिच्यावर ओरडले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आक्का, बाहेरच्या कुनी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. पन हॉस्पिटलातच हाय म्हणल्यावर मला काय वाटनार? कागदावर शिक्का हुता."

 खरं सांगायचं तर मला ओरडायचा अधिकारच नव्हता. कारण मधल्या काळात, दिवाळीच्या सुट्टीत, मी बेलापूरला गेले होते. भाऊ ताजातवाना दिसत होता. त्याने मला रोपवाटिकेत नेलं आणि माझ्यासमोर मोसंबीचे डोळे भरून दाखवले. हात जराही हलत नव्हता. पट्टी गुंडाळून त्याने रोप माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "आक्का, हात बघ." त्याच्या मनगटात रंगीबेरंगी खड्यांची माळ होती. हे काय नवीन, म्हणून मी हसले. त्यानेही हसण्यावारी नेलं. शाळेत प्रयोग करताना एक गोष्ट बदलली तर ती का बदलली हे आधी विचारा, असं मी मुलांना सांगते. अकरा वर्षं कापणारा हात स्थिर का झाला, हे मी विचारलं नाही. मी पुरणपोळी खाल्ली, छान दिसतोस म्हणाले आणि केडगावला परत आले.

पुढच्या महिनाभरात त्याची झोप कमी झाली. तो पहाटेच रोपवाटिकेत जायचा आणि झाडांवर हात धरून उभा राहायचा. मग त्याने कलम बांधणं बंद केलं. कलम म्हणजे झाडाला जखम आणि जखमेतून ऊर्जा गळते, असं तो गड्यांना समजावू लागला. गडी आधी हसले, मग कामावर यायचे थांबले. एके दिवशी त्याने फाटक सताड उघडलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला बोलावून रोपं वाटायला लागला. रिक्षावाले थांबले, टेम्पोवाल्यांनी भरून नेली. संध्याकाळपर्यंत दोन वर्षं वाढवलेली मोसंबीची सगळी रोपं गेली होती. लोक त्याला देवमाणूस म्हणत होते. भावजयीने हॉस्पिटलला फोन केला. डॉक्टर मिळाले नाहीत, फोन त्या खोलीत जोडून दिला गेला. बाईंनी सांगितलं की तुंबलेलं मोकळं होताना असं होतं, घाबरू नका, त्याला मायेने घ्या.

त्यानंतर दोनच दिवसांनी भाऊ सकाळी मुलीला शाळेत सोडतो म्हणून मोटारसायकलवर घेऊन निघाला आणि शाळेत पोचलाच नाही.

भावजयीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. माझ्या नवऱ्याने गाडी काढली. पोलिसांत कळवून झालं होतं. आम्ही बेलापूरला पोचतो न पोचतो तोच भावजयीच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. भंडारदऱ्याला धरणाच्या काठी चहाची टपरी चालवणारी एक बाई बोलत होती. भावाच्या सात वर्षांच्या मुलीला आईचा नंबर पाठ होता, म्हणून हे जमलं. ती बाई म्हणाली, "पोर माझ्यापाशी हाय. तिला मी सोडत न्हाई. पन तिचा बाप पान्यात उभा हाय, तुमी लवकर या."

भावजयीला गाडीत घेऊन आम्ही निघालो. संगमनेर, अकोले, राजूर. त्या रस्त्याचं मला काही आठवत नाही. भावजय सबंध वाट मोबाईल कानाला लावून बसली होती, कारण टपरीवाल्या बाईने फोन बंद केला नव्हता. मधून मधून ती सांगायची, अजून उभा हाय, कमरेपर्यंत हाय, आता गावातली दोन माणसं त्याच्याजवळ गेलीत.

आम्ही पोचलो तेव्हा त्या दोघांनी त्याला काठावर आणून बसवलं होतं. थंडीचे दिवस, अंगावरचे कपडे ओले, ओठ निळे पडलेले, आणि चेहऱ्यावर मात्र असा आनंद, की बघवत नव्हतं. मला पाहून तो म्हणाला की धरणाचं पाणी हे सगळ्या जिल्ह्याचं हृदय आहे, ते बंद पडलं होतं, आता मोकळं होतंय. मुलीचं मन निर्मळ म्हणून तिची मदत हवी होती, पण या बाईने तिला येऊ दिलं नाही. एवढीच त्याची तक्रार होती.

टपरीवाल्या बाईने मला बाजूला घेऊन काय घडलं ते सांगितलं. तो पोरीचा हात धरून तिला पाण्याकडे नेत होता. पोरीच्या अंगावर शाळेचा गणवेश, स्वेटर नाही, आणि ती थरथरत होती. बाईला ते बरं दिसलं नाही. पोरीला आधी गरम चहा पाजते, मग न्या, असं म्हणून तिने पोरीला टपरीत ओढलं आणि कुशीत धरून ठेवलं. तो तीनदा मागायला आला. तिन्ही वेळा तिने, अजून चहा गरम आहे, एवढंच सांगितलं. ना ती वाद घालायला गेली, ना तिने त्याला वेडा म्हटलं. मी तिचे पाय धरायला वाकले तर ती मागे सरली आणि म्हणाली, पोरीला घरी न्या आधी.

तिला कुठल्याही चक्राचं नाव माहीत नसेल. समोरचं माणूस संकटात आहे, हे मात्र तिला एका नजरेत कळलं. जे शिक्का असलेल्यांना इतक्या महिन्यांत कळलं नाही, ते.

भाऊ गाडीत बसायला तयार नव्हता. शेवटी मुलीने त्याला बोलावलं, बाबा चला, मला भूक लागली, आणि तो उठला. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला संगमनेरला एका मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात दाखल केलं. तिथे तो तीन आठवडे होता. पहिले काही दिवस तो आम्हाला खूप वाईट बोलला. नंतर झोपला. मग हळूहळू तो परत आला, आणि परत आल्यावर त्याला काय काय घडलं ते आठवायला लागलं. मुलीला तो पाण्यात नेणार होता, हे आठवलं तो दिवस सगळ्यात वाईट होता. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

संगमनेरच्या डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं की गोळी का सोडली. तो म्हणाला, हातामुळे. त्यांनी लिथियम आधीपेक्षा थोड्या कमी डोसवर पुन्हा सुरू केलं, कंपासाठी दुसरी एक लहानशी गोळी जोडली आणि महिन्याभरात हात बराच थांबला. पूर्ण नाही, पण कप धरण्याइतका, चाकू धरण्याइतका. हे सहज करता येण्यासारखं होतं. अकरा वर्षांत कधीही. चिठ्ठीवर एक ओळ वाढवायची होती.

मग मी नगरच्या त्या हॉस्पिटलात गेले. भावाची फाइल घेऊन. अडीच तास रांगेत बसले, कारण वेळ मागितली तर मिळाली नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. पण मग ते सारवासारव करायला लागले. चक्र उपचार हे आम्ही पूरक म्हणून देतो, पेशंटना त्याने बरं वाटतं, त्या निमित्ताने लोक मानसोपचाराकडे वळतात, नाहीतर बाबा-बुवांकडे गेले असते. तुम्ही विज्ञान शिकवता, पण मन जरा मोकळं ठेवायला हवं, असंही म्हणाले.

मी विचारलं की अनाहत चक्र दहा टक्के, हे तुम्ही स्वतः मानता का. ते म्हणाले, प्रश्न मानण्याचा नाही. मी म्हटलं, रक्तातलं लिथियम किती, याचा आकडा याच फायलीत आहे आणि तो तुम्ही मानता. दोन कागदांवर एकच शिक्का आहे. माझ्या भावजयीने कोणता खरा मानायचा होता?

त्यांनी चक्रांचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "गोळी सोडा असं आमच्या इथे कोणीही सांगितलेलं नाही."

"सोडू नका, असं कोणी सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी फाइल बंद केली. बाहेर पेशंट खोळंबले आहेत, म्हणाले.

शेजारच्या खोलीत मी भांडायच्याच तयारीने शिरले. बाई एकट्याच होत्या. मी कोणाची बहीण हे सांगितलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी लगेच मुलीबद्दल विचारलं, ती कुठल्या शाळेत जाते हे त्यांना माहीत होतं. माझ्या भावाला मोसंबीपेक्षा सीताफळाचं काम जास्त आवडतं, वडील गेले तेव्हा तो आजारी असल्यामुळे त्याला उशिरा सांगितलं गेलं, हे सगळं त्यांना माहीत होतं. माणूस लबाड असेल या तयारीने मी गेले होते. या बाई लबाड नव्हत्या. त्यांना नवरा गेल्यानंतर नैराश्य आलं होतं, या उपचाराने त्या सावरल्या, मग काही शिबिरं करून शिकल्या. त्यांचा विश्वास खरा होता. त्या रडल्या.

मला त्यांची दया आली आणि त्याने माझा राग वाढला. विश्वास खरा आहे, हा काही परवाना नाही. विजेचं काम न शिकलेल्याच्या हातात कोणी डीपीचं दार उघडून देत नाही, तो कितीही मनापासून करत असला तरी. आणि या भल्या बाईंना पाटी लावून, दिवा लावून, लोकांच्या आजारी मनांपुढे बसवणारे वेगळेच होते. त्यांचा तर यावर विश्वासही नव्हता. त्या खोलीमुळे ओपीडीतली गर्दी हलत होती, पेशंट तक्रार न करता जात होते. पाच मिनिटांत न ऐकलेलं सगळं तिकडे लोटता येत होतं.

घरी येऊन मी हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला तीन पानी तक्रार लिहिली. महिन्याने उत्तर आलं की आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. कागदावरून हॉस्पिटलचं नाव काढलं, असं कळलं. पाटी बदलून आरोग्य-समतोल कक्ष अशी केली. खोली आहे. आरोग्य खात्याच्या वरच्या अधिकाऱ्यांनाही मी लिहिलं आहे, त्यांचं अजून काही आलेलं नाही.

हे सगळं मी भावाला मोठ्या तावातावाने सांगितलं. त्या वेळी तो बरा होऊन बेलापूरला परतला होता. आम्ही रिकाम्या वाफ्यांच्या कडेला बसलो होतो. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आक्का, त्या बाईंचं चुकलंच. मी म्हणत न्हाई बरोबर हुतं. पन त्यांनी तासभर ऐकलं. अकरा वर्षांत दुसऱ्या कुनी ऐकलं? तू सुदा फोनवर गोळी घेतली का, एवढंच इचारायचीस."

 तो रागाने बोलला नव्हता. तो नवीन वाफ्यासाठी माती चाळत होता आणि चाळतच राहिला.

हे इथे लिहिणं मला भाग आहे, नाहीतर माझा संताप फार सोपा होईल. माझा भाऊ त्या खोलीत चक्रांसाठी गेला नव्हता. कोणीतरी समोर बसून विचारावं, तुला काय होतं, म्हणून गेला होता. ते विचारणं हा उपचाराचाच भाग आहे, असं संगमनेरच्या डॉक्टरबाई म्हणतात, आणि त्या दर वेळी अर्धा तास देतात. तो तास मिळायलाच हवा. पण तो तास हवा म्हणून दोऱ्याचा खडा का चालवून घ्यायचा? माणसाला जेवण हवं असतं म्हणून त्याच्या ताटात काहीही वाढायचं का? मनाचा आजार म्हणजे खऱ्या आजारापेक्षा जरा हलका, तिथे थोडं इकडचं तिकडचं चालतं, असं जे आपण सगळे धरून चालतो, त्याची मला चीड आहे. हृदयाच्या विभागाशेजारी अशी खोली कोणी उघडत नाही. साखरेच्या पेशंटला, तुझं शरीर सांगेल तेव्हा इन्सुलिन सोड, असं सुचवणाऱ्याला हॉस्पिटलात कोणी उभं करत नाही. ज्यांचं बोलणं आधीच कोणी खरं धरत नाही, ज्यांच्या घरचे तक्रार करायला लाजतात, त्यांच्याच वाट्याला ही खोली येते. कोणाला शांत पडून बरं वाटत असेल, तर त्याने आपल्या घरी, आपल्या समाधानासाठी पडावं, माझी आईसुद्धा दिव्यासमोर बसून शांत व्हायची. तिने त्याला कधी उपचार म्हटलं नाही आणि कोणाच्या गोळ्या त्याच्याशी तोलल्या नाहीत.

परवा आमच्या गल्लीतली शेजारीण आली. तिच्या नवऱ्याचा फर्निचरचा कारखाना आहे, ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा येतो. तिची सून बाळंत होऊन दोन महिने झाले होते. सून दिवसदिवस रडते, बाळाला घ्यायला घाबरते, असं ती सांगत होती. कोणीतरी तिला शहरातल्या त्या हॉस्पिटलचं चक्रांचं जुनं पत्रक दिलं होतं. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हे चांगलं असतं का? तुमी शिकलेल्या, म्हणून इचारते."

माझ्या ओठांवर सगळं भाषण आलं होतं. वर्षभराचं साठलेलं. मी ते गिळलं आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. सून आतल्या खोलीत बाळाकडे पाठ करून बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं की तुला काय होतं. ती बराच वेळ बोलली नाही. मी उठले नाही. मग ती बोलायला लागली आणि दुपारच्या नमाजाची वेळ होऊन गेली तरी बोलत होती. बाळाला आपल्या हातून काही होईल अशी भीती वाटते, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. ती, तिची सासू आणि मी अशा तिघी संगमनेरला गेलो. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. सासूच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. अजून किती वेळ लागेल, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, लागू दे.